अरुण दाते यांचे स्मरण : भावगीत, श्रोता आणि गळत चाललेली नावे

प्रस्तावना

मराठी भावगीताचे गायक अरुण दाते यांचे ६ मे २०१८ रोजी मुंबईत निधन झाले. वयाची ८४ वर्षे पूर्ण होऊन त्यांना दोनच दिवस झाले होते. त्यानंतर वृत्तपत्रांतून, आकाशवाणीवरून आणि वाहिन्यांवरून त्यांच्याविषयी विपुल लिहिले व बोलले गेले. मुंबई-पुण्याच्या सभागृहांत जशा आदरांजलीच्या मैफली झाल्या तशा मैफलींची प्रथा आता जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही रुजली आहे. कोजागरीची रात्र, गणेशोत्सव, एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन, अशा कोणत्याही निमित्ताने दाते यांची गाणी होतात आणि श्रोते डोळे मिटून ऐकतात.

दाते यांचे चरित्र हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्यांच्या चाहत्यांनी त्यांचे जे स्मरण केले आणि अजूनही केले जाते, त्या स्मरणाचे स्वरूप तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. हे स्मरण मनापासूनचे आहे, याविषयी शंका नाही. मात्र त्यात आवाज जपला जातो आणि त्या आवाजाला ज्यांनी शब्द, चाल व सोबत दिली त्यांची नावे मागे पडतात. हे केवळ विस्मरणामुळे घडत नाही. त्याची कारणे या गायनाच्या घडणीत आणि ते श्रोत्यापर्यंत पोहोचविणाऱ्या साधनांत शोधावी लागतात.

स्मरणलेखनाचा साचा

दाते यांच्यावरील स्मरणपर लेखनात तीन गोष्टी हमखास आढळतात. आवाजाला 'हळुवार', 'तरल', 'मखमली' अशी विशेषणे लावली जातात. गाण्यांना प्रेमाची गाणी म्हटले जाते. आणि मग लिहिणारा स्वतःच्या तारुण्याकडे वळतो : वसतिगृहातील खोली, शेजारच्या घरातला रेडिओ, नव्या संसारात घेतलेला पहिला टेपरेकॉर्डर. याला तारा निखळल्याच्या रूपकाची जोड दिली की लेख पूर्ण होतो. 'शुक्रतारा' हे त्यांच्या कार्यक्रमाचेच नाव असल्यामुळे ते रूपक शीर्षककर्त्याच्या हाताशी आयते होते, हेही खरे.

यातील तिसरी गोष्ट टीकेचा विषय होऊ नये. गायकाचे स्मरण हे बहुधा श्रोत्याचे आत्मचरित्र असते आणि त्यात गैर काही नाही. १९६२ साली विशीत असलेल्या पिढीला मनातले बोलण्यासाठी मराठीत जी मोजकी भाषा उपलब्ध होती, तिचा एक मोठा वाटा भावगीताने पुरविला. प्रमाण मराठीत प्रेम व्यक्त करण्याची घरात फारशी चाल नसलेल्या वऱ्हाडी कुटुंबात तर हे अधिकच खरे होते. तेथे ती भाषा रेडिओतूनच घरात आली आणि माजघरात कोणी मोठ्याने उच्चारली नाही तरी सर्वांनी ऐकली. अडचण आहे ती पहिल्या गोष्टीची. 'हळुवार' हे विशेषण काहीच उलगडत नाही. ते गायकाच्या स्वभावाकडे बोट दाखविते आणि त्याची कारागिरी झाकून टाकते.

हळुवारपणाची कारागिरी

संगीत नाटकाच्या रंगमंचावरील गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागे. आवाजाचा दम, तानेचा फेक आणि पल्ला ही तेथील गरज होती. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला आणि ही गरजच संपली. गायक आता एका श्रोत्याच्या कानाशी बोलू शकत होता. पाश्चात्त्य देशांत याच साधनातून 'क्रूनर' नावाची गायकांची जात निर्माण झाली आणि बिंग क्रॉस्बी हे तिचे सर्वांत प्रसिद्ध नाव ठरले. आपल्याकडे कुंदनलाल सैगल यांनी तीच वाट हिंदी चित्रपटात रूढ केली. तलत महमूद यांनी ती इतकी नाजूक केली की आवाजातील कंप हेच त्यांचे वैशिष्ट्य झाले. तलत यांचे ९ मे १९९८ रोजी निधन झाले तेव्हा त्यांच्याविषयीही 'मखमली' हाच शब्द पुनःपुन्हा वापरला गेला. मृत्युलेखांचा शब्दकोश फारसा मोठा नसतो.

मराठी भावगीताचा आरंभ मात्र वऱ्हाडच्या वाचकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांनी गायिलेली आणि मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी लिहिलेली 'शीळ' ही ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाली. भावगीताच्या प्रारंभीच्या टप्प्यातील ही महत्त्वाची ध्वनिमुद्रिका होय. जोशी हे शिक्षणाने वकील होते आणि देशपांडे यांनीही मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी वकिली करीत कविता लिहिली. भावगीत हा पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात जन्मलेला प्रकार आहे, असा जो सर्वसाधारण समज आहे तो या एका ध्वनिमुद्रिकेपुढे टिकत नाही. नंतर गजाननराव वाटवे यांनी भावगीत चौकात नेले आणि पुण्याच्या गणेशोत्सवात त्यांच्या गाण्याला रस्ते भरून गर्दी होऊ लागली. म्हणजे दाते गाऊ लागले तेव्हा या प्रकाराला तीन दशकांची परंपरा होती.

दाते यांनी त्या परंपरेत कोणती भर घातली, हे नेमके सांगता येते. ते इंदूरच्या आकाशवाणीवरून १९५५ पासून गात होते. वडील रामूभैया दाते हे इंदूरचे नामांकित रसिक, ज्यांचे व्यक्तिचित्र पु. ल. देशपांडे यांनी लिहिले आहे. कुमार गंधर्व यांचा सहवास व मार्गदर्शन घरच्यासारखे लाभले, पुढे के. महावीर यांच्याकडे शिक्षण झाले. उर्दू गझल हा त्यांच्या घडणीचा पाया होता. गझलगायक शब्द सोडताना घाई करीत नाही, ओळीच्या शेवटच्या अक्षराला उतरायला जागा देतो. दाते यांच्या मराठी गाण्यात हेच घडते. ते शब्दावर जोर देत नाहीत, परंतु शब्द सांडूही देत नाहीत. मुरकी आलीच तर अर्थाच्या सांध्यावर येते. सूर बहुतांशी मध्य सप्तकात राहतो आणि वर जायचे झाल्यास आवाज न वाढविता जातो. ध्वनिक्षेपकापासून किती अंतरावर उभे राहावे, श्वास कोठे घ्यावा म्हणजे तो ऐकू येणार नाही, या सर्वांचे भान त्यामागे आहे. असा साधेपणा मेहनतीने मिळवावा लागतो. शास्त्रीय मैफलीच्या समीक्षेत आपण आलाप व तानेची चर्चा पृष्ठेच्या पृष्ठे करतो. येथे एका विशेषणावर भागवितो.

चार माणसांचे गाणे

ज्या गाण्यामुळे दाते घराघरांत पोहोचले आणि ज्यातील पहिल्या शब्दाने त्यांच्या कार्यक्रमाला नाव दिले, ते १९६२ चे गाणे मंगेश पाडगावकर यांनी लिहिले, श्रीनिवास खळे यांनी त्याला चाल दिली आणि दाते यांच्यासह ते सुधा मल्होत्रा यांनी गायिले. पाडगावकर मूळचे वेंगुर्ल्याचे. खळे यांचा जन्म बडोद्याचा. दाते इंदूरचे. सुधा मल्होत्रा यांचा जन्म दिल्लीत, बालपण लाहोर व भोपाळकडे गेलेले आणि मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हे. मराठी मध्यमवर्गाने ज्या गाण्याला आपल्या मनाचा अगदी अस्सल सूर मानले, त्याचे कर्ते मराठी मुलखाच्या कडेवरून किंवा कडेपलीकडून आलेले होते. अस्मितेच्या चर्चेत ही बाब कोणी उपस्थित केल्याचे क्वचितच आढळते. खरे तर होळकरांच्या इंदुरात आणि गायकवाडांच्या बडोद्यात मराठी बोली, हिंदी-गुजराती व्यवहार आणि हिंदुस्थानी संगीत एकत्र नांदले. या गाण्याचा मवाळ, कोणत्याही प्रांतीय हेलापासून मोकळा उच्चार त्या एकत्र नांदण्यातून आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

हे युगुलगीत आहे. त्यात अर्धे बोलणे स्त्रीचे आहे. तिच्या ओळी बाजूला केल्यास गाण्याचा संवाद संपतो आणि उरते ते एकतर्फी आर्जव. तरीही हे 'अरुण दाते यांचे गाणे' म्हणूनच ओळखले जाते. आदरांजलीच्या कार्यक्रमात स्त्रीस्वराची बाजू ऐनवेळी मिळेल त्या गायिकेकडे सोपविली जाते, किंवा गायक दोन्ही बाजू एकट्यानेच गातो आणि श्रोत्यांना काही उणे वाटत नाही. सुधा मल्होत्रा यांचे नाव किती चाहत्यांना चटकन सांगता येईल, हा प्रश्न कोणत्याही प्राध्यापक-कक्षात विचारून पाहण्यासारखा आहे. पुढे लता मंगेशकर, आशा भोसले, सुमन कल्याणपूर यांनीही दाते यांच्यासह युगुलगीते गायिली. तेथे गायिकेचे नाव विसरले जात नाही, कारण ते नाव स्वतःच्या बळावर मोठे आहे. म्हणजे स्मरण गाण्यातील वाट्यावर अवलंबून नसते, ते कीर्तीवर अवलंबून असते.

स्वतः दाते यांचे वर्तन याच्या नेमके उलट होते. कार्यक्रमाला त्यांनी कवीचा शब्द घेतला. आत्मकथनाला दिलेले 'शतदा प्रेम करावे' हे नावही पाडगावकरांच्याच शब्दांतून आले, ज्यांना यशवंत देव यांची चाल होती. 'शुक्रतारा'चे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले, म्हणजे तितक्या वेळा कवीचा शब्द फलकावर लागला. गायकाने आपले आयुष्य कवीच्या शब्दाने ओळखावे आणि चाहत्यांनी कवीचे शब्द गायकाच्या नावाने ओळखावेत, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

नावे गळण्याची प्रक्रिया

ही नावे कशी गळाली, याचे उत्तर बरेचसे तांत्रिक आहे. आकाशवाणीच्या निवेदनात गीताचे शब्द कोणाचे, संगीत कोणाचे आणि गायक कोण, हे सांगण्याची शिस्त होती. नागपूर केंद्र १९४८ पासून आणि विविध भारती १९५७ पासून वऱ्हाडात ऐकली जाई. चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यातील श्रोत्याने पाडगावकरांचा संग्रह कदाचित हाती घेतला नसेल. निवेदकाच्या तोंडून मात्र त्यांचे नाव त्याने शेकडो वेळा ऐकले होते. औपचारिक वाटणारे ते निवेदन प्रत्यक्षात साहित्यशिक्षणच होते. पुस्तकाचे दुकान नसलेल्या गावी कवीचे नाव पोहोचविणारी दुसरी यंत्रणा नव्हती.

ध्वनिफितीने त्या शिस्तीला पहिला धक्का दिला. नावे वेष्टनावर बारीक अक्षरांत छापली जात, परंतु फीत वाजू लागली की ती कोणी उच्चारीत नसे. तरीही वेष्टन हाती होते. त्याची छायाप्रत काढलेल्या, दुकानदाराकडून भरून घेतलेल्या फितीवर फक्त गायकाचे नाव राहिले. आज पेनड्राइव्हवर वा भ्रमणध्वनीवर जी गाणी फिरतात त्यांच्या यादीत दाते यांचे नाव असते आणि गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द असतात. आवाज ऐकून ओळखता येतो, म्हणून तो स्वतःचे नाव सोबत घेऊन फिरतो. कवी आणि संगीतकार यांना मात्र कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगणारा आता उरलेला नाही. श्रीनिवास खळे २०११ मध्ये, मंगेश पाडगावकर ३० डिसेंबर २०१५ रोजी आणि यशवंत देव दाते यांच्यानंतर सहाच महिन्यांच्या आत, ३० ऑक्टोबर २०१८ रोजी गेले. अवघ्या सात वर्षांत ही पिढी संपली आणि तिच्यातील गायकासाठी जेवढे सार्वजनिक हळहळणे झाले तेवढे खळे यांच्या वाट्याला आले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

वऱ्हाडातील स्मरणाच्या इतर रीती

गायकाचे स्मरण याच एका रीतीने होते असे नाही. अमरावती जिल्ह्यातच त्याहून वेगळ्या रीती शतकभर नांदत आहेत आणि त्यांच्याशी तुलना केल्यावाचून दाते यांच्या चाहत्यांचे वेगळेपण कळणार नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निवर्तले. ते संत म्हणून पूजिले जातात, पण लोकांच्या मनात त्यांची पहिली प्रतिमा खंजिरी वाजवून गाणाऱ्या भजनकाराचीच आहे. गुरुकुंज मोझरी येथील पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. ते मौन संपले की भजने सुरू होतात, आणि ती लोक स्वतः गातात. चांदूर बाजार तालुक्यातील एखाद्या खेड्यात महाराजांचे ध्वनिमुद्रण कधी ऐकले न गेलेले घर सापडेल, पण त्यांचे भजन म्हणता न येणारे भजनी मंडळ सापडणार नाही. वामनदादा कर्डक यांचेही तसेच. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले तरी जयंतीच्या रात्री त्यांची गीते वस्तीवस्तीत नव्या गळ्यांतून उमटतात. दोन्ही ठिकाणी गीतकार आणि गायक एकच असल्याने नाव गळण्याचा प्रश्न येत नाही, शिवाय भजनातील व गीतातील नाममुद्रा ते नाव प्रत्येक वेळी वदवून घेते. संतकवींनी ओळीच्या शेवटी स्वतःचे नाव का गुंफले, याचे एक व्यावहारिक उत्तर येथे मिळते.

सुरेश भट यांचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. त्यांचा जन्म अमरावतीचा, १५ एप्रिल १९३२ चा. १४ मार्च २००३ रोजी ते गेले. त्यांच्या रचना मोठमोठ्या गायकांनी गायिल्या, तरी वऱ्हाडात त्या भटांच्याच म्हणून ओळखल्या जातात. येथे गायकाचे नाव मागे पडते. याचे कारण असे की भटांचा शेर हा बोलण्यात वापरला जातो. तो सभेत, वर्गात, वादात, चहाच्या टपरीवर उद्धृत होतो आणि उद्धृत करणाऱ्याला कवीचे नाव घेण्यात गौरव वाटतो.

दाते यांचे गाणे यांपैकी कशातच बसत नाही. ते समूहाने गाता येत नाही. टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटले की त्याचा जीव जातो. त्याची ओळ वादात उपयोगी पडत नाही. ते एकट्याने, शक्यतो रात्री, ऐकण्याचे गाणे आहे. म्हणून त्याचे स्मरणही ऐकण्यातूनच होते, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त आवाज येतो. तालुक्याच्या गावी होणाऱ्या आदरांजलीच्या मैफलीत याची विपरीत फलश्रुती दिसते. कानाशी बोलण्यासाठी घडविलेले गायन मंगल कार्यालयातील मोठमोठ्या ध्वनिवर्धकांतून, तयार वाद्यमेळाच्या फितीवर आदळत बाहेर येते. गायक दाते यांच्या लकबी चोख उचलतो, पण ज्या शांततेसाठी त्या लकबी होत्या ती शांतता तेथे नसते. श्रोत्यांना तरीही आनंद होतो, कारण ते समोरचे गाणे ऐकतच नसतात. ते मनातले गाणे ऐकत असतात. ही टीका आयोजकांवर नाही. साठ-सत्तर माणसांसाठी ध्वनिवर्धकाविना मैफल करावी असे कोणाला सुचले, तर कदाचित भावगीत पुन्हा ऐकू येईल.

मर्यादांविषयी

चाहत्यांच्या स्मरणात दाते यांच्या मर्यादांना स्थान नाही. ते स्वाभाविक असले तरी समीक्षेने तसे करणे योग्य नव्हे. त्यांच्या गायनाचा भावनिक पल्ला मर्यादित आहे. विरह आणि मीलन, आठवण आणि समजूत यांच्या पलीकडे ते क्वचित जाते. सलग दहा गाणी ऐकल्यास लय आणि स्वरस्थान यांतील सारखेपणा जाणवू लागतो. त्याच काळात मराठी कविता कोठे होती, हेही पाहावे लागते. लघुनियतकालिकांची चळवळ साठच्या दशकातील आहे. नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ चा आहे. त्या कवितेने जे जग मराठीत आणले त्याचा मागमूसही भावगीतात नाही. भावगीताचा 'मी' आणि 'तू' यांना आडनाव नाही, जात नाही, महिन्याचे भाडे नाही. यामुळे ते सर्वांना आपले वाटले, आणि याचमुळे ते अनेक वास्तवांना पारखे राहिले.

मात्र येथे कवीवर अन्याय होऊ नये. 'सलाम' या संग्रहासाठी १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारे पाडगावकर आणि भावगीते लिहिणारे पाडगावकर एकच आहेत. सत्तेपुढे वाकणाऱ्या सामान्य माणसाचा उपहास लिहिणारी लेखणीच चांदण्यातील संवादही लिहीत होती. विद्यापीठीय समीक्षेने या दोघांना वेगळे केले, पहिल्याला अभ्यासक्रमात घेतले आणि दुसऱ्याला सुगम म्हणून बाहेर ठेवले. चाहत्यांनी दुसरे गायकाच्या हवाली केले. अशा रीतीने एकाच कवीची दोन तुकड्यांत वाटणी झाली. मराठी विभाग कविता मुकाट्याने वाचून शिकवितो, संगीत विभाग रागसंगीत शिकवितो, आणि भावगीत दोन्ही विभागांच्या मधल्या व्हरांड्यात उभे राहते. स्नेहसंमेलनात ते हमखास हवे असते, प्रश्नपत्रिकेत कधी नसते.

बहुविद्याशाखीय अभ्यासाचा आग्रह अलीकडे सर्वत्र धरला जातो. भावगीत हा त्यासाठी हाताशी असलेला विषय आहे. कवितेची लय आणि चालीची लय कोठे जुळते व कोठे तुटते, हे मराठीचा अध्यापक एकटा सांगू शकत नाही. ध्वनिक्षेपकाने गळ्याचे काय केले, हे भौतिकशास्त्राच्या साहाय्याविना कळत नाही. तालुक्याच्या गावी रेडिओ प्रथम कोणाच्या घरी आला आणि अंगणात कोण कोठे बसून ऐकत असे, हा समाजशास्त्राचा प्रश्न आहे. या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळणार नाहीत. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. १९६२ साली वीस वर्षांचा असलेला श्रोता आज ऐंशीच्या पुढे आहे. दाते यांच्याविषयी त्याला बोलते केले तर तो आवाजाविषयी बोलेल, स्वतःच्या लग्नाविषयी बोलेल, आणि थोडे थांबून राहिले तर निवेदकाने गाण्याआधी घेतलेली तीन-चार नावेही कदाचित त्याच क्रमाने सांगेल.